लोकरीच्या मेळ्याला पहिल्यांदा जाताना: विणणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पहिल्या मेळ्यातून मी अकरा लडी घेऊन आले होते. अकराही वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या जाडीच्या. एकेक लड हातात घेतली की जीव हरखायचा, पण त्या सगळ्या मिळून एक धड स्वेटर होत नव्हता. वर्षभर त्या कपाटात पडून होत्या. दुसऱ्या वर्षी जाताना मी एक छोटी वही सोबत नेली. त्या वेळी सहाच लडी घेतल्या, सहाही एकाच धाग्याच्या. त्यांचं कार्डिगन मी अजून वापरते.

फरक पडला तो त्या वहीमुळे, आणि मेळ्यात खरेदीच्या आधी काय करायचं हे कळल्यामुळे. धाग्याचा फोटो पाहून रंग कळतो, थोडाफार पोतही कळतो. पण तो मानेला टोचेल का, धुतल्यावर लोंबेल का, हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मेळ्यात मेंढ्या पाळणारे, सूत कातणारे, रंगवणारे आणि सुया-टकळ्या घडवणारे एका ठिकाणी भेटतात. धाग्याबद्दलचा तुमचा प्रश्न तो धागा बनवणाऱ्यालाच विचारता येतो. नुसती खरेदी करून परतलात तर हे सगळं हुकतं.

१. घरीच ठरवा: काय विणायचं आणि किती मीटर

‘तिथे गेल्यावर बघू’ असं म्हणून निघू नका. पुढच्या सहा महिन्यांत खरोखर विणून होतील असे दोन किंवा तीन नमुने निवडा. प्रत्येकासाठी वहीचं एक पान ठेवा आणि त्यावर चार गोष्टी लिहा: नमुन्याचं नाव आणि तुमचं माप, धाग्याची जाडी, सुईचा क्रमांक मिलिमीटरमध्ये, आणि लागणारी एकूण लांबी.

यात लांबी सगळ्यात महत्त्वाची. ग्रॅमवरून हिशेब केला तर हमखास चुकतो, कारण १०० ग्रॅमची एक लड ४०० मीटरची असते आणि तेवढ्याच वजनाची दुसरी १०० मीटरची. ढोबळ अंदाज असे धरा:

- कानटोपी: १२० ते २०० मीटर
- मोठ्या माणसाचे मोजे, एक जोड, बारीक धाग्यात: ३५० ते ४०० मीटर
- खांद्यावरची शाल, बारीक धाग्यात: ४०० ते ८०० मीटर
- मध्यम मापाचा मोठ्या माणसाचा स्वेटर, डीके म्हणजे मध्यम जाडीत: ११०० ते १३०० मीटर
- तोच स्वेटर फिंगरिंग म्हणजे बारीक जाडीत: १३०० ते १५०० मीटर

जाळीच्या विणीला लांबी कमी लागते, वेण्यांच्या विणीला बरीच जास्त. नमुन्यात दिलेला आकडा असेल तर तोच धरा आणि त्यावर दहा टक्के वाढवा. मेळा संपला की तोच रंग पुन्हा मिळेल याची खात्री नसते.

एक सापळा इथेच सांगते. बरेच नमुने यार्डात लिहिलेले असतात आणि लेबलं मीटरमध्ये. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर. नमुन्याला १२०० यार्ड लागत असतील तर तुम्हाला साधारण ११०० मीटर पुरतील. उलट, नमुना १२०० मीटरचा असून तुम्ही १२०० यार्ड घेतलेत, तर शंभराहून जास्त मीटर कमी पडतील आणि एक बाही अर्धी राहील. आकड्यापुढे एकक लिहायला विसरू नका.

२. पिशवीत काय हवं

- वही आणि पेन. फोनमध्ये लिहिलंत तरी कागद ठेवा, कारण बॅटरी संपते.
- तिकीट किंवा नोंदणीची पावती, आणि मेळ्याचा नकाशा आधीच उतरवून घेतलेला.
- रोख पैसे. मोकळ्या मैदानावर गर्दी झाली की फोनचं नेटवर्क रडतं आणि कार्ड चालत नाही.
- मोजपट्टी आणि सुयांची जाडी मोजायची भोकांची पट्टी.
- घरी असलेल्या धाग्याला जोड शोधायची असेल तर त्याचा हातभर तुकडा, कार्डाला गुंडाळून.
- मोठी, हलकी, कापडी पिशवी. खांद्यावर नीट बसणारी. लोकर वजनाला कमी वाटते, पण फुगून जागा खाते.
- पाणी, सपाट बूट, एकावर एक घालता येतील असे कपडे. मेंढ्यांचे गोठे थंड असतात आणि मंडप तापलेले.

वेलक्रो असलेली पिशवी आणि टोकदार खड्यांची अंगठी घरीच ठेवा. दोन्हींत दुसऱ्याची लड अडकते. हाताला तेलकट क्रीम लावून जाऊ नका, कारण दिवसभर तुम्ही इतरांच्या मालाला हात लावणार आहात.

स्वतः विणलेलं काहीतरी अंगावर घाला. लोक थांबून विचारतात, कोणता धागा, कोणता नमुना. अशा गप्पांतूनच मला पुढे कितीतरी गोष्टी कळल्या.

३. पहिला तास काहीही घेऊ नका

आत शिरल्या शिरल्या समोरचा रंगांचा ढीग बघून हात पुढे जातो. तो आवरा. आधी पूर्ण मेळ्याला एक फेरी मारा. आवडलेल्या दुकानाचा क्रमांक, धाग्याचं नाव, लांबी आणि किंमत वहीत टिपा. फेरी संपल्यावर कुठे बसून पाणी प्या आणि टिपणं वाचा. ज्याची आठवण अजून तितकीच ताजी आहे, त्या दुकानाकडे परत जा.

याला एक अपवाद आहे. हाताने रंगवलेल्या धाग्याच्या एकाच रंगाच्या पाच-सहा लडी तुम्हाला हव्या असतील आणि तेवढ्याच शिल्लक दिसत असतील, तर थांबू नका. स्वेटरभर लडी छोट्या रंगाऱ्यांकडे सकाळीच संपतात. पण त्याआधी वहीतलं पान उघडून मीटर जुळतात का ते बघा.

४. लोकर हाताने ओळखा

हा भाग सावकाश करा. मेळ्याचा निम्मा दिवस यावर गेला तरी चालेल.

लोकरीचा मऊपणा तंतूच्या जाडीवर ठरतो आणि ही जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेंढ्यांच्या जातींत मेरिनो साधारण १७ ते २४ मायक्रॉन, ब्लूफेस्ड लेस्टर २४ ते २८, रोमनी ३० च्या पुढे, आणि लिंकनसारख्या लांब लोकरीच्या जाती त्याहूनही जाड. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंचं प्रमाण शंभरात पाचाहून वर गेलं की बहुतेकांना लोकर टोचायला लागते. जाड तंतू वाकत नाहीत, त्वचेत रुततात. ‘मला लोकर चालतच नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना फक्त जाड तंतू चालत नसतो.

बोटांवर विसंबू नका. बोटांची कातडी राठ असते. विचारून लड मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा मानेला मिनिटभर लावून धरा. लगेच छान वाटणारी लोकर कधी कधी मिनिटाने खाजवते.

मऊ म्हणजे चांगली, हा मात्र गैरसमज. मेरिनोचे तंतू बारीक आणि आखूड असतात, म्हणून सैल पिळाच्या मेरिनोवर कोपरांपाशी, काखेपाशी लवकर गोळे येतात. मानेच्या पट्टीला मेरिनो उत्तम, बाहेर घालायच्या जाडजूड कार्डिगनला नाही. तिथे रोमनीसारखी कणखर लोकर वर्षानुवर्षं टिकते. शेटलंड बेटांवरच्या मेंढीची लोकर या दोहोंच्या मधली. तिचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात, म्हणूनच दोन रंगांची वीण तिच्यात इतकी नेटकी बसते. मेळ्यात दहा जातींची लोकर शेजारी शेजारी असते. तीन तरी ओळीने हातात घ्या, डोळे मिटून दाबा, सोडा. किती वेगाने फुगून परत येते ते बघा. ही उसळी असेल तर विणलेली कड ताणून सैल पडत नाही.

मेंढीखेरीज इतर प्राण्यांचे धागेही दिसतील आणि तिथे नावांचा घोळ होतो. अंगोरा ससा देतो तो अंगोरा. अंगोरा बकरी देते ते मोहेर. दोन्ही नावं अंकारा शहराच्या जुन्या नावावरून आली, पण धागे अगदी वेगळे: अंगोरा हवेसारखा हलका आणि अतिशय उबदार, मोहेर चकचकीत आणि मजबूत. अल्पाका (दक्षिण अमेरिकेतल्या त्याच नावाच्या प्राण्याचा धागा) उबदार असतो, हाताला रेशमासारखा लागतो, पण त्याला लोकरीची उसळी नाही. शंभर टक्के अल्पाकाचा लांब स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. मी तसा एक विणला आणि दोन महिन्यांत तो गुडघ्यांकडे निघाला. अल्पाका आवडला तर मेंढीच्या लोकरीची निम्मी मिसळ असलेला घ्या, किंवा त्याचा गळपट्टा करा.

आता पीळ बघा. धाग्याचं टोक दोन बोटांत धरून उलट दिशेने फिरवा, पदर सुटतील. एकपदरी धागा दिसायला देखणा, झिजायला लवकर. दोनपदरी जाळीच्या विणीत चांगला उघडतो. तीन किंवा जास्त पदरांचा धागा गोल दिसतो आणि त्यात वेण्या, उठावाचे टाके स्पष्ट येतात. मोज्यांसाठी घट्ट पिळाचा बहुपदरी धागा घ्या. त्यात बहुधा पाऊण भाग लोकर आणि पाव भाग नायलॉन असतं. टाच टिकते ती त्यामुळे.

तंतू पिंजून कातलेत की विंचरून, हेही विचारा. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून कातलं की तंतू आडवेतिडवे राहतात, धाग्यात हवा साठते, तो हलका आणि उबदार होतो. विंचरून समांतर केलेले तंतू कातले की धागा गुळगुळीत, जड, टिकाऊ होतो. या दुसऱ्या पद्धतीला वर्स्टेड म्हणतात आणि धाग्याच्या एका जाडीलाही वर्स्टेडच म्हणतात. दुकानदार कोणत्या अर्थाने बोलतोय ते विचारून घ्या.

५. लेबलवरचा एक शब्द: सुपरवॉश

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमदा होतो. सुपरवॉश प्रक्रियेत बहुधा क्लोरीनने हे खवले बोथट करतात आणि तंतूवर राळेचा पातळ थर देतात. मग धागा यंत्रात धुता येतो आणि रंगही झळाळून बसतो. लहान मुलांच्या कपड्यांना, मोज्यांना तो सोयीचा.

पण तेच खवले टाक्यांना जागेवर धरून ठेवत असतात. ते गेले की ओला कपडा पसरतो, कधी कधी बराच. म्हणून सुपरवॉश धाग्याचा नमुना-तुकडा, म्हणजे माप तपासायचा छोटा चौकोन, विणून, धुऊन, वाळवूनच मोजा. आणि दोन रंगांची वीण गोल विणून, पुढून उघडी करण्यासाठी मधोमध कापायची असेल तर सुपरवॉश नकोच, टाके सुटतात.

६. रंग उजेडात बघा

मंडपातले दिवे पिवळे किंवा निळसर असतात. परवानगी घेऊन लड दाराशी न्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. दोन रंग एकत्र विणायचे असतील तर दोन्ही लडी शेजारी ठेवून फोनने कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन्ही एकाच राखाडी छटेच्या दिसल्या, तर विणल्यावर नक्षी उठणार नाही, मग एक लाल आणि दुसरी हिरवी का असेना.

हाताने रंगवलेल्या लडी एकाच कढईतल्या असल्या तरी तंतोतंत सारख्या नसतात. सगळ्या ओळीने मांडा, सर्वांत वेगळी दिसणारी बदला किंवा कडांच्या पट्टीसाठी ठेवा. विणताना दोन लडी घेऊन दोन-दोन ओळींनी पाळीपाळीने विणा, म्हणजे पट्टा उमटणार नाही.

आणखी एक: गडद लाल, निळा, काळा असेल तर रंग सुटतो का ते विचारा. प्रामाणिक रंगारी सरळ सांगतो. नीळ तर घासून हातालाही लागते. ती धुतल्यावर कमी होते, पण पांढऱ्या धाग्याशेजारी विणताना हे ध्यानात ठेवा.

७. कच्ची लोकर: पहिल्या वर्षी फक्त बघा

मेंढीच्या अंगावरून उतरलेली अख्खी लोकर मोठमोठ्या पारदर्शक पिशव्यांत विकायला असते आणि वजनाच्या मानाने स्वस्त वाटते. तिच्यात लोकरीचं मेण, घाम, माती आणि गवताचे तुकडे असतात. धुतल्यावर वजन एक तृतीयांश ते निम्म्याने घटतं. मग पिंजणं, कातणं. सूत कातता येत नसेल तर घेऊ नका. शिकायचीच हौस असेल तर धुऊन पिंजलेली १०० ग्रॅम लोकर आणि एक टकळी एवढंच घ्या.

परीक्षा मात्र शिकून घ्या. एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटक्याने ताणा. टणकन आवाज आला तर तंतू सशक्त. फाटल्यासारखा कुरकुर आवाज आला तर मेंढी आजारी किंवा उपाशी होती त्या काळात तंतू कमकुवत झाला आहे, आणि कातताना तो तिथेच तुटणार. लोकरीच्या स्पर्धेचं परीक्षण चालू असेल तर जवळ उभ्या राहा. परीक्षक बोलत बोलत गुण देत असतील, तर अर्ध्या तासात पुस्तकभर माहिती मिळते.

८. कातरणी आणि कार्यशाळा

मेंढीची लोकर कातरण्याचं प्रात्यक्षिक चुकवू नका. सराईत हात दोन-तीन मिनिटांत अख्खी लोकर एकसंध उतरवतो, अंगावरचा कोट काढावा तशी. प्राण्यांना हात लावण्याआधी विचारा, आणि लावल्यावर हात धुवा.

कार्यशाळेच्या जागा बऱ्याच आधी भरतात. नोंदणी करताना दोन गोष्टी वाचा: कोणतं कौशल्य आधीच यायला हवं, आणि घरून काय विणून आणायचंय. काही शिक्षक नमुना-तुकडा तयार करून आणायला सांगतात. तो न नेणाऱ्याचा पहिला तास टाके घालण्यातच जातो. दिवसात एकच कार्यशाळा घ्या. दोन घेतल्या तर मेळा बघायला वेळच उरत नाही.

९. दुकानदाराशी बोलताना

काय विणायचंय ते सांगा आणि वही दाखवा. ‘या धाग्याचा विणलेला तुकडा आहे का?’ हा सगळ्यात उपयोगी प्रश्न. लडीतला धागा आणि विणलेला धागा यांत खूप अंतर असतं, विशेषतः ठिपकेदार, बहुरंगी लडींत.

लड बघून झाली की पीळ घालून जागच्या जागी ठेवा. नमुन्याच्या पुस्तकातल्या पानांचे फोटो काढू नका, ती कुणाची तरी कमाई असते. लडीचा गुंडा करून देण्याचं यंत्र काही ठिकाणी असतं. तेव्हा विचारून घ्या, पण सगळ्याच लडींचे गुंडे करू नका. गुंड्यात धागा ताणलेला राहतो, आणि गुंडा केलेला माल बहुधा कुणी परत घेत नाही.

भाव पाडायला जाऊ नका. एका लडीमागे मेंढी पाळणं, कातरणं, धुणं, कातणं, रंगवणं एवढं काम असतं. बजेट संपलं असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. दुकानाचं पत्त्याचं कार्ड घ्या, पुढे मागवता येतं.

१०. घरी आल्यावर, त्याच रात्री

लडी कपाटात टाकून मोकळ्या होऊ नका. प्रत्येक लडीवर नमुन्याच्या नावाची चिठ्ठी बांधा. लेबल हरवलं तर मीटरही हरवले, म्हणून लेबलाचा फोटो काढा.

मग कसरीचा बंदोबस्त. लोकर खातात त्या कसरीच्या अळ्या. उडणारे पतंग खात नाहीत, पण अंडी तेच घालतात. शंका असलेला माल, आणि कच्ची लोकर घेतलीच असेल तर ती, हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकरीवर दव धरतं. तोवर नवा माल जुन्या साठ्यात मिसळू नका. कडुनिंबाचा पाला किंवा सुवासिक पुड्या ठेवायच्या तर ठेवा, पण आत असलेली अंडी त्यांनी मरत नाहीत.

आणि आठवड्याच्या आत एका धाग्याचा नमुना-तुकडा विणा. निदान १५ सेंटिमीटरचा चौकोन. धुवा, वाळवा, मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजा आणि आकडा वहीतल्या त्याच पानावर लिहा. पुढच्या मेळ्याला हीच वही घेऊन जायचंय.